पाच ओळी, आठ ओळी

सोमवारी सकाळी निकाल आला. ऑपरेटिंग सिस्टिम्सची तिसरी असाइनमेंट, दहापैकी दोन. ते दोनही प्रोग्राम कंपाइल झाला म्हणून. खाली तपासणीच्या स्क्रिप्टनं एकच ओळ लिहिली होती: अपेक्षित ओळी ५, मिळालेल्या ओळी ८.

मी पहिल्यांदा हसले. कारण हा प्रोग्राम मी सबमिट करण्याआधी किमान तीस वेळा चालवला होता आणि तीसही वेळा पाच ओळी आल्या होत्या. प्रोग्राम होता तरी केवढा? पेरेंट प्रोसेसनं, म्हणजे मूळ चालू प्रोग्रामनं, 'सुरुवात' असं छापायचं. मग फोर्क करून, म्हणजे स्वतःतून नव्या प्रोसेस काढून, तीन चाइल्ड प्रोसेस तयार करायच्या. प्रत्येक चाइल्डनं आपला क्रमांक छापून एक्झिट व्हायचं. पेरेंटनं तिघांसाठी वेट करायचं आणि शेवटी 'शेवट' छापायचं. एक अधिक तीन अधिक एक. पहिलीतलं पोरही सांगेल, पाच.

मी कशी विद्यार्थिनी आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांतली नाही आणि लॅबमध्ये शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघत बसणाऱ्यांतलीही नाही. मी मधली. माझा प्रोग्राम चालला की मी लॅपटॉप बंद करते. का चालला, हा प्रश्न मला पडत नाही. गेल्या सेमिस्टरला याची चुणूक मिळाली होती. डेटा स्ट्रक्चर्सला हफमन कोडिंग होतं, जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना छोटे कोड देऊन फाइल लहान करून दाखवायची. कोड ठरवणारं झाड बरोबर बांधलं, प्रत्येक अक्षराचे कोड बरोबर निघाले, परत उलगडल्यावर मूळ मजकूर अक्षर न अक्षर जुळला. फक्त शंभर केबीची फाइल 'लहान' होऊन चारशे तीस केबीची झाली होती. मी बिट लिहायच्या ऐवजी शून्य आणि एक ही अक्षरंच फाइलमध्ये लिहीत होते. म्हणजे एका बिटाच्या जागी आठ बिटांचा अख्खा बाइट. प्रात्यक्षिकाच्या वेळी मॅडमनी फाइलचा आकार विचारला तेव्हा मला कळलं. त्याआधी मी तो बघितलाच नव्हता. फाइल लहान करण्याच्या असाइनमेंटमध्ये!

त्या हफमनची गोष्ट मला तेव्हापासून जरा लागूनच राहिली आहे. तोही विद्यार्थीच होता, एमआयटीत. १९५१ साली प्राध्यापक फानो यांनी वर्गाला पर्याय दिला की लेखी परीक्षा द्या, नाहीतर एक निबंध लिहा. निबंधाचा विषय होता सगळ्यांत कार्यक्षम कोड शोधण्याचा. हा प्रश्न स्वतः फानोंनाही पुरता सुटला नव्हता, पण त्यांनी ते वर्गात सांगितलं नाही. हफमन कित्येक महिने झगडला, शेवटी कंटाळून परीक्षेचा अभ्यास करायच्या बेतात होता, आणि तेव्हा त्याला सुचलं की झाड वरून खाली बांधण्याऐवजी खालून वर बांधायचं. १९५२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मला यातलं सुचणं वगैरे आवडत नाही. परीक्षा टाळण्यासाठी एवढी मेहनत करणारा माणूस आवडतो. बाकी आम्हाला तो पर्याय कुणी देत नाही, आम्हाला दोन्ही करावं लागतं.

तर सोमवार. हसून झाल्यावर मला राग आला. स्क्रिप्टच चुकलेली आहे, याबद्दल मला शंकाच नव्हती. आठ हा आकडा बघून तर खात्रीच पटली. फोर्क शिकलेल्या कुणालाही आठ बघितला की एकच गोष्ट आठवते. चाइल्ड प्रोसेस लूपमधून बाहेर पडली नाही तर तीही पुढचा फोर्क करते, तिची पोरंही करतात, आणि तीन फोर्कमधून दोनचा तिसरा घात म्हणजे आठ प्रोसेस होतात. ही चूक परीक्षेत इतक्या वेळा विचारतात की आम्ही ती झोपेतही ओळखू. म्हणजे तपासणाऱ्यांनी माझं एक्झिट कुठेतरी गाळलं असणार! लॅब पार्टनरही म्हणाला, "आठ ना? मग एक्झिट नाहीये तुझं." मी त्याला कोड दाखवला. एक्झिट होतं. तो म्हणाला, "मग अजून एक टाक." चॅटबॉटला विचारलं तर त्यानंही मोठ्या आत्मविश्वासानं हेच सांगितलं की चाइल्डमध्ये एक्झिट राहिलेलं दिसतंय, आणि सुधारलेला कोड म्हणून मला माझाच कोड परत दिला, वर कॉमेंट घालून.

मी सरांना ईमेल लिहिली. नम्र होती, पण शेवटी "माझ्याकडे व्यवस्थित चालत आहे" हे वाक्य होतं आणि टर्मिनलचा स्क्रीनशॉट जोडला होता. उत्तर दहा मिनिटांत आलं. पूर्ण उत्तर असं: "आउटपुट फाइलमध्ये वळवून बघ."

एवढंच. ना 'प्रिय', ना 'शुभेच्छा'.

मी वळवलं. प्रोग्रामच्या नावापुढे मोठेपणाचं चिन्ह, पुढे फाइलचं नाव, एंटर. मग फाइल उघडली. त्यात हे होतं:

सुरुवात
चाइल्ड १
सुरुवात
चाइल्ड २
सुरुवात
चाइल्ड ३
सुरुवात
शेवट

आठ ओळी. त्याच प्रोग्रामच्या, त्याच मशीनवर. फाइलकडे वळवलं नाही की पाच, वळवलं की आठ.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. चाइल्डची ओळ दोनदा आली असती तर समजू शकले असते. इथे मात्र 'सुरुवात' चार वेळा होती. ती ओळ पहिल्या फोर्कच्या वर आहे. ती छापली जाते तेव्हा एकही चाइल्ड जन्माला आलेलं नसतं. मग ती चार वेळा छापतंय कोण?

त्या रात्री आईचा फोन आला. "काय करतेयस?" तिनं विचारलं. म्हटलं, "अगं, एक ओळ एकदा छापायची तर चार वेळा छापली जातेय. ते का, शोधतेय." ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग तीन पुसून टाक ना." मी हसले खरी, पण त्याआधीच्या अर्ध्या तासात मी नेमका तोच विचार केला होता. 'सुरुवात' छापणंच काढून टाकायचं, तीन चाइल्ड झाल्यावर शेवटी छापायचं, असं काहीतरी. आई निदान लाजत नव्हती.

मंगळवारी सकाळी नऊला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. सर हॉल्टिंग प्रॉब्लेम शिकवत होते. १९३६ साली ट्युरिंगनं सिद्ध करून ठेवलंय की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की अडकेल हे बिनचूक सांगणारा सर्वांसाठीचा एकच प्रोग्राम असूच शकत नाही. सिद्धता सुंदर आहे, उलटून स्वतःवरच येते. एरवी मी ती मन लावून ऐकली असती. त्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत होते, एका पेरेंटमधून तीन चाइल्ड, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर 'सुरुवात'. ट्युरिंगला सगळ्या प्रोग्रामांचं सांगता येत नव्हतं, मला एकाचं.

दुपारी लॅबमध्ये पहिलं शहाणपणाचं काम केलं. आठ म्हणजे दोनचा तिसरा घात, हे डोक्यातून जात नव्हतं, म्हणून तीनच्या जागी चार चाइल्ड केले. घाताचा मामला असेल तर ओळी दुपटीनं वाढायला हव्यात. आल्या दहा. पाच केले, बारा. म्हणजे एक चाइल्ड वाढलं की दोन ओळी वाढतात, एक त्याची स्वतःची आणि एक 'सुरुवात'. घाताचा काही संबंध नव्हता. तीनसाठी आठ येणं हा निव्वळ योगायोग होता, आणि मी, माझा पार्टनर आणि तो चॅटबॉट असे आम्ही तिघं त्यावर दीड दिवस बसून होतो.

दुसरं काम मात्र नकळत झालं. कोण छापतंय ते कळावं म्हणून मी 'सुरुवात'च्या पुढे प्रोसेसचा आयडी छापायला लावला. मनात होतं की चार वेगवेगळे आयडी येतील, म्हणजे कुठली चाइल्ड प्रोसेस वरची ओळ पुन्हा चालवतेय ते दिसेल. चारही ठिकाणी एकच आयडी आला. पेरेंटचा.

हे मी बराच वेळ बघत बसले. चाइल्ड प्रोसेस ती ओळ पुन्हा चालवत असती तर तिनं स्वतःचा आयडी छापला असता. ती पेरेंटचा आयडी छापतेय, म्हणजे ती ओळ चालवत नाहीये. आयडी आधीच भरलेलं, तयार झालेलं वाक्य ती कुठूनतरी आणून बाहेर टाकतेय. वारशात मिळाल्यासारखं.

इथून पुढचं सगळं मग भराभर उलगडलं. एसट्रेस नावाचं एक साधन असतं, ते प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाऊन नेमकं काय काय मागतो ते ओळीनं दाखवतं. आम्हाला ते पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं आणि मी त्यानंतर ते एकदाही उघडलं नव्हतं. टर्मिनलवर चालवलं तेव्हा प्रत्येक ओळीसाठी एकेक राइट कॉल ('हे लिही' अशी मागणी) दिसला. ओळ छापली, राइट. ओळ छापली, राइट. फाइलकडे वळवून चालवलं तेव्हा 'सुरुवात' छापली जाते त्या जागी काहीच नव्हतं. राइट नाहीच. थेट फोर्क, फोर्क, फोर्क. राइट दिसले ते प्रत्येक प्रोसेस मरताना, आणि प्रत्येकात दोन-दोन ओळी एकदम.

सी भाषेत छापायला वापरतात ते प्रिंटएफ मुळात छापत नाही, हे मला तेव्हा कळलं. दीड वर्ष मी प्रिंटएफ म्हणजे 'छाप' असं समजून वापरत होते. प्रिंटएफ फक्त आपल्याच प्रोसेसच्या मेमरीतल्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, मजकूर नेऊन ठेवतं. तो बाहेर कधी जायचा, हे लायब्ररी ठरवते, आणि ठरवताना ती आधी बघते की समोर कोण आहे. समोर टर्मिनल असेल, म्हणजे माणूस बघत बसलाय, तर ओळ पुरी झाली की लगेच पाठवते. समोर फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) असेल तर घाई कशाला? बफर भरेपर्यंत साठवते, माझ्या मशीनवर ४,०९६ बाइट, नाहीतर प्रोग्राम संपताना उरलंसुरलं पाठवते. दर वेळी कर्नलचं दार ठोठावणं महाग पडतं, म्हणून. ही कुणा एकाची लहर नाही. समोर संवाद साधणारं उपकरण नाही हे नक्की असेल तरच पूर्ण बफरिंग करायचं, असं १९८९ च्या सी भाषेच्या मानकातच लिहिलेलं आहे.

आणि फोर्क काय करतो? पेरेंटची हुबेहूब नक्कल. व्हेरिएबल, स्टॅक, हीप, सगळं. त्यात तो बफरही आला. पत्र लिहून टेबलावर ठेवलंय, अजून टाकलेलं नाही, आणि कुणीतरी अख्ख्या खोलीची झेरॉक्स काढली, टेबलासकट आणि पत्रासकट. प्रत्येक खोलीतला माणूस निघताना टेबलावरचं पत्र टाकून जाणार. चार खोल्या, चार पत्रं. सही मात्र चारींवर पहिल्याची.

टर्मिनलवर हे कधीच दिसणार नव्हतं, कारण तिथे फोर्क व्हायच्या आत पत्र गेलेलं असायचं. बरं, मी शोध घेत होते तीही टर्मिनलवरच. आणखी प्रिंटएफ टाकून बघत होते, तेही टर्मिनलवर. तीस वेळा चालवलं याचा अर्थ एकच गोष्ट तीस वेळा बघितली.

उपाय एका ओळीचा. फोर्कच्या लूपआधी एफफ्लश, म्हणजे बफरमध्ये जे आहे ते आत्ताच बाहेर पाठव. ती ओळ टाकली, फाइलकडे वळवलं, पाच आल्या. मग हट्टानं पाइपमधून ओळी मोजणाऱ्या वर्ड काउंटला दिलं. पाच. मग त्या ओळीवर कॉमेंट लिहायला घेतली आणि तीन वेळा खोडली, कारण पहिला मसुदा पंधरा ओळींचा झाला होता. ज्याला दोन दिवस घातलेत त्याला एक ओळ कशी पुरणार? शेवटी लिहिलं, 'फोर्कआधी बफर रिकामा करा, नाहीतर प्रत्येक चाइल्ड तो घेऊन जाईल.'

सरांकडे गेले. म्हटलं, "सर, कळलं." ते म्हणाले, "काय कळलं?" मी सगळं सांगितलं, आयडीपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चाइल्डमध्ये एक्झिटच्या ऐवजी अंडरस्कोर एक्झिट वापरलं असतं तर?" मी घाईत म्हणाले, "तर बफर बाहेर टाकलाच नसता, म्हणजे 'सुरुवात' एकदाच आली असती." "आणि चाइल्डची स्वतःची ओळ?" ती पण त्याच बफरमध्ये असते. ती पण गेली असती. मग मी गप्प बसले. ते म्हणाले, "बस, जा. परत सबमिट कर."

उशिराचे वीस टक्के कापून मला दहापैकी आठ मिळाले. आठच.

या सगळ्यात आठवड्याचं बाकीचं काम अर्थातच लटकलं. डेटाबेसच्या असाइनमेंटमध्ये नॉर्मलायझेशन घाईघाईत केलं आणि एक टेबल इतकं फोडलं की साधं नाव मिळवायला तीन जॉइन लागतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये माझ्या ब्रांचला दहा दिवस कुणी हात लावला नव्हता. मर्ज करायला घेतली तर सतरा फाइल्समध्ये कॉन्फ्लिक्ट, त्यातल्या बारा निव्वळ एकानं टॅब आणि दुसऱ्यानं स्पेस वापरल्यामुळे. त्यावर लिहीत नाही, लिहिलं तर मैत्री तुटेल.

आता चौथी असाइनमेंट आलीय, थ्रेड्सवर, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर. दोन थ्रेड, एकच सामाईक काउंटर, दोघांनी दहा-दहा लाख वेळा एकनं वाढवायचा. आधी लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न लावता चालवून काय होतं ते बघा, मग लॉक लावा, आणि फरक समजावून सांगा. काल लॅबमध्ये लॉकशिवाय चालवलं. वीस लाखांच्या जागी तेरा लाख आणि वर काही, पुन्हा चालवलं तर अकरा लाख, पुन्हा वेगळंच. अपेक्षितच होतं. वाढवणं म्हणजे वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. दोघांनी एकदम जुना आकडा वाचला की एकाची मेहनत वाया जाते.

पण शेजारी पार्टनरकडे लॉकशिवायही बरोब्बर वीस लाख येत होते. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा वीस लाख. तो खुशीत होता. "माझ्याकडे तर लॉक लागतच नाहीये," तो म्हणाला. "रिपोर्टमध्ये लिहितो की आधुनिक प्रोसेसर हे सांभाळून घेतात."

मी त्याची कंपाइल करायची कमांड बघितली. त्यात ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे कोड जलद करून घेण्याचा, दोन नंबरचा पर्याय होता, माझ्यात नव्हता. मी तो काढून चालवलं. चौदा लाख. परत लावलं, वीस लाख. मग असेम्ब्ली, म्हणजे कंपायलरनं प्रोसेसरसाठी तयार केलेल्या सूचना, काढून बघितली. कंपायलरनं त्याचं दहा लाख फेऱ्यांचं लूप गायबच केलं होतं आणि त्या जागी एकच सूचना ठेवली होती, दहा लाख मिळव. प्रत्येक थ्रेडची एकच बेरीज. दोघांची गाठ पडायला जवळजवळ वेळच नव्हता.

तो म्हणाला, "म्हणजे बरोबरच आहे की. उत्तर येतंय ना?"

मी म्हटलं, "थांब. सबमिट करू नकोस. आधी फेऱ्यांच्या मध्ये काहीतरी काम टाक, आणि मग बघ."

त्यानं प्रिंटएफ टाकला.

"ते सोडून काहीही," मी म्हटलं.